तारफाया : टपालाच्या विमानांचे गाव

नकाशात मोरोक्कोवर बोट ठेवून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सरकत गेले, की कॅनरी बेटांच्या समोर तारफाया नावाचे एक लहानसे गाव लागते. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला सहाराचे वाळवंट आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पांढरीपिवळी बसकी घरे. लोकवस्ती जेमतेम आठ-दहा हजार. मासेमारीवर गावाचे पोट चालते. पाहण्यासारखा राजवाडा नाही, खरेदीसाठी नामांकित बाजारपेठ नाही. वारा मात्र बारा महिने वाहतो. इतका, की 2014 साली गावाबाहेर 131 पवनचक्क्या उभ्या करून त्यावर 301 मेगावॅट क्षमतेचे वीज केंद्र सुरू करण्यात आले.

अशा गावाला पर्यटकाने का जावे? कारण विमान, वैमानिक आणि उड्डाण यांवर जगात जी उत्तम पुस्तके लिहिली गेली, त्यांतल्या काहींचे मूळ याच वाळूत आहे. तेव्हा या जागेचे नाव होते केप जुबी. 1927 च्या ऑक्टोबरात आंत्वान द सँतेक्झ्युपेरी नावाचा सत्तावीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक इथल्या विमानतळाचा प्रमुख म्हणून आला आणि सुमारे दीड वर्ष राहिला. त्याचे 'द लिटल प्रिन्स' हे 1943 मधले पुस्तक आपल्याकडेही अनेक घरांत मुलांच्या कपाटात असते. वाळवंटात विमान बंद पडलेला वैमानिक, दुसऱ्या ग्रहावरून आलेला मुलगा आणि शहाणा कोल्हा यांची ती गोष्ट. पण मोठ्या माणसांसाठी त्याने लिहिलेली पुस्तके आपल्याकडे फारशी वाचली जात नाहीत. विमानाची आवड असलेल्या मुलाला वाढदिवसाला काय द्यावे, असा प्रश्न पडला की आईवडील बहुधा विमानांच्या चित्रांचे जाडजूड पुस्तक उचलतात. चित्रे चार दिवसांत पाहून होतात. वैमानिकांनी स्वतः लिहिलेली पुस्तके अनेक वर्षे पुरतात आणि ती घरातल्या सगळ्यांना वाचता येतात, कारण त्यांत यंत्रापेक्षा माणसे जास्त आहेत.

ही पुस्तके समजून घ्यायची असतील, तर ज्या वाटेवर ती घडली त्या वाटेने जावे. ती वाट फ्रान्समध्ये सुरू होते.

तुलूझची पहाट

दक्षिण फ्रान्समधले तुलूझ आज एअरबसचे शहर म्हणून ओळखले जाते. पण इथला विमानांचा इतिहास त्याहून जुना आहे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा पिएर-जॉर्ज लातेकोएर या इथल्या कारखानदाराच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. युद्धासाठी बांधलेली विमाने आता रिकामी पडतील, त्यांतून टपाल का नेऊ नये? 25 डिसेंबर 1918 रोजी, म्हणजे युद्धबंदीला दीड महिनाही होण्याच्या आत, त्याचे विमान तुलूझहून बार्सिलोनाला पोहोचले. 1919 मध्ये मोरोक्कोपर्यंत टपाल सुरू झाले आणि 1925 च्या जूनमध्ये कॅसाब्लांकाहून डाकारपर्यंत. तुलूझ ते डाकार हे अंतर साडेचार हजार किलोमीटरहून जास्त भरते.

विमाने होती ब्रेगे 14 जातीची. लाकूड, धातू आणि कापड यांची, दुहेरी पंखांची. वैमानिक उघड्यावर बसायचा. पाऊस, धूळ, इंजिनाचे तेल, सारे त्याच्या तोंडावर. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे आजच्या आपल्या जलद रेल्वेगाडीइतकाच. इंजिन केव्हा बंद पडेल याचा भरवसा नव्हता, आणि ते वारंवार पडे. या मार्गावर आणि पुढे दक्षिण अमेरिकेत मिळून शंभराहून अधिक माणसे कामावर असताना गेली.

शहराबाहेरच्या मोंतोद्राँ विमानतळावरून ही विमाने उडत. ती जुनी धावपट्टी आणि आसपासच्या इमारती राखून 2018 च्या अखेरीस तिथे 'लाँव्होल दे पिओनिए' हे संग्रहालय उघडण्यात आले. नव्या तरुणांना इथे आल्या आल्या विमान मिळत नसे. दिदिए दोरा नावाचा कडक शिस्तीचा प्रमुख होता. तो प्रत्येकाला आधी कार्यशाळेत पाठवायचा. हात काळे करून इंजिनाचे भाग धुवायचे, घासायचे. चांगल्या घरातल्या, उमराव वंशातल्या सँतेक्झ्युपेरीचीही त्यातून सुटका झाली नाही.

शहराच्या मध्यभागी, कापितोल चौकाजवळ ग्रांद बालकाँ हे हॉटेल आहे. वैमानिक तिथे उतरत. त्या काळी ते स्वस्त आणि घरगुती होते, आता नूतनीकरणानंतर बरेच महागले आहे. सँतेक्झ्युपेरीची 32 क्रमांकाची खोली मात्र जुन्या पद्धतीने सजवून ठेवली आहे. खोली पाहून कुणाला काही खास वाटणार नाही. पण 'विंड, सँड अँड स्टार्स' या त्याच्या 1939 मधल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण वाचून गेले, तर तिथेच थबकायला होते. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री तो धास्तावून आपला मित्र आंरी गियोमे याच्याकडे जातो. स्पेनचे डोंगर कसे ओलांडायचे, ते विचारायला. गियोमे त्याला नद्या, शहरे, उंची यांतले काही सांगत नाही. तो सांगतो, अमुक गावाजवळच्या शेताकडेला तीन संत्र्यांची झाडे आहेत, त्यांच्यापासून जप. अमुक कुरणात एक ओढा गवतात लपलेला आहे, तो चाके अडकवील. अमुक ठिकाणी मेंढ्या असतात. डोंगरावर एक शेतकरी आणि त्याची बायको राहतात, अडचण आली तर त्यांचा दिवा दिसेल. नकाशावर खुणा होत जातात आणि परका देश ओळखीचा होतो.

आपल्याकडे घाटातून रात्री गाडी नेणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांचे बोलणे ज्याने ऐकले असेल, त्याला हे प्रकरण परके वाटणार नाही.

केप जुबीचा एकांत

तुलूझहून निघालेले टपाल स्पेन ओलांडून कॅसाब्लांकाला आणि तिथून अगादीरला पोहोचे. अगादीरच्या खाली खरी कसोटी सुरू होई. पुढे शेकडो किलोमीटर वाळवंटी किनारा. नावाला सत्ता स्पेनची, पण ती किल्ल्याच्या भिंतीपुरती. भिंतीबाहेरचा मुलूख अरब-बर्बर टोळ्यांचा होता. त्यांच्या वाळवंटात कुणा परक्याचे यंत्र उतरलेले त्यांना खपत नसे, आणि का खपावे? ही पुस्तके वाचताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे, की ती परदेशी सत्तेच्या बाजूने आलेल्या माणसाने लिहिली आहेत. सँतेक्झ्युपेरी त्यातल्या त्यात समजूतदार. तो टोळीवाल्यांकडे चहाला जाई, त्यांच्याकडून अरबी शिके. पण तंबूतल्या माणसाची बाजू त्या पुस्तकांत पुरती येत नाही.

नोव्हेंबर 1926 मध्ये गूर नावाच्या वैमानिकाच्या विमानाचे इंजिन बंद पडले. त्याला सोडून जायचे नाही म्हणून सोबतचा एराब्ल आपला मेकॅनिक पिंतादोसह खाली उतरला. टोळीवाल्यांनी गोळ्या झाडल्या. एराब्ल आणि पिंतादो जागीच गेले. जखमी गूरला पैसे मोजून सोडवून आणले, पण तोही वाचला नाही. विमानांनी जोडीने उडायचे, एक पडले तर दुसऱ्याने उतरून वैमानिकाला उचलायचे, हा इथला रिवाज होता. त्या रिवाजाची किंमत ही अशी होती. तरीही तो मोडला गेला नाही. सोबत दुभाषा म्हणून एखादा स्थानिक माणूस घेत. तो टपालाच्या थैल्यांवर बसून प्रवास करी.

सँतेक्झ्युपेरीला केप जुबीला पाठवले ते या कामासाठी. विमाने दुरुस्त ठेवायची, स्पॅनिश अधिकाऱ्यांशी नीट वागायचे, टोळ्यांशी बोलणी करायची आणि कुणी वाळवंटात पडला तर शोधून आणायचे. 1928 मध्ये मार्सेल रेन हा वैमानिक आणि एदुआर सेर हा अभियंता टोळीच्या हाती लागले. ते जवळजवळ चार महिने ओलीस होते. त्यांच्या सुटकेसाठी चाललेल्या खटपटीत तोही होता.

त्याचे घर म्हणजे किल्ल्याच्या भिंतीला टेकवलेली लाकडी खोली. झोपायला फळी, त्यावर पातळ गादी. टेबल म्हणजे दोन पिंपांवर आडवे टाकलेले एक दार. गोडे पाणी कॅनरी बेटांवरून बोटीने यायचे. भरती आली की समुद्राचे पाणी भिंतीशी येई. दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी वारा आणि वाळू आत शिरायची. विमान आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येई. बाकीचे दिवस रिकामे. या दोन पिंपांवरच्या टेबलावर त्याने 'सदर्न मेल' ही पहिली कादंबरी लिहिली. 1929 साली ती प्रसिद्ध झाली.

ती कादंबरी सगळ्यात आधी वाचू नये. तिच्यातली प्रेमकथा कच्ची आहे, तरुण लेखकाची आहे. वैमानिक बेर्नी आणि त्याची बालमैत्रीण यांचे संवाद कंटाळा आणतात. पण टपालाचे विमान एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे निघाल्याच्या तारा येत राहतात, ठाण्यावरचा माणूस आकाशाकडे डोळे लावून बसतो आणि वेळ टळून जाते, ती पाने तारफायाच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर जास्त कळतात. तिथे कान आपोआप आकाशाकडे लागतात.

आज गावात काय दिसते? किनाऱ्यावर ब्रेगे विमानाची छोटी प्रतिकृती उभी आहे. समुद्रात, खडकावर एक दगडी इमारत आहे, कासा देल मार नावाची. डोनाल्ड मॅकेंझी या स्कॉटिश व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाळवंटातल्या काफिल्यांशी व्यापार करण्यासाठी ती बांधली. 1895 मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाने ती विकत घेतली. ओहोटीच्या वेळी तिच्या अगदी जवळ जाता येते. स्पेनने हा प्रदेश 1958 मध्ये मोरोक्कोला परत दिला. 2004 साली गावात सँतेक्झ्युपेरीच्या नावाचे छोटे संग्रहालय सुरू झाले. त्यात विमानांच्या प्रतिकृती, छायाचित्रे आणि टपालमार्गाची माहिती आहे. संग्रहालय मोठे नाही, तासाभरात पाहून होते. त्यानंतर किनाऱ्याने चालत जावे.

गुलाम आणि कोल्हा

केप जुबीला असताना सँतेक्झ्युपेरीने वाळवंटातला लहानसा, मोठ्या कानांचा कोल्हा पाळला होता. बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याचे वर्णन आहे. मांजराहून लहान, कान प्रचंड, स्वभावाने अगदी रानटी. पंधरा वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये बसून त्याने 'द लिटल प्रिन्स'मधला कोल्हा लिहिला आणि चितारला, तेव्हा कान तसेच लांबलचक काढले. मुलांना हे सांगितले की ती चित्र पुन्हा उघडून पाहतात.

'विंड, सँड अँड स्टार्स'मध्ये इथल्याच एका गुलामाची हकिकत आहे. मारेकशमधून पळवून आणलेला हा माणूस पूर्वी गुरे हाकायचा. त्याचे खरे नाव मोहम्मद, पण इथे सगळ्या गुलामांना एकच नाव असे, बार्क. तो विमानतळावरच्या लोकांना विनवी, मला मारेकशला जाणाऱ्या विमानात लपवा. तसे केले असते तर टोळ्यांनी विमानतळावर सूड उगवला असता. म्हणून बरीच घासाघीस करून वैमानिक आणि मेकॅनिकांनी मिळून त्याला विकत घेतले, मुक्त केले आणि विमानाने अगादीरला धाडले. नव्याने संसार थाटता यावा म्हणून हातात थोडे पैसेही दिले. मारेकशची बस सुटायला वेळ होता. बार्क दिवसभर गावात हिंडला. स्वतंत्र झालो तरी आपल्यावाचून कुणाचे काही अडत नाही, हे त्याला जाणवू लागले. मग एका आजारी मुलाच्या गालाला त्याने हात लावला, मूल हसले, आणि याने सगळे पैसे गल्लीतल्या पोरांना खेळणी, बांगड्या, जरीच्या सपाता घेऊन देण्यात संपवले. पोरांचा घोळका मागे लागला. सोबतच्या माणसाला वाटले, याला वेड लागले. लेखकाला तसे वाटत नाही.

वैमानिकाच्या पुस्तकात हे प्रकरण कशासाठी, असे कुणी विचारील. पण या पुस्तकांचा गाभाच तो आहे. आपण कुणाला तरी हवे आहोत, कुणीतरी आपली वाट पाहते आहे, या जाणिवेवर तिथली माणसे तग धरतात. टपालाच्या थैलीत काय आहे हे वैमानिकाला ठाऊक नसते. असतील व्यापाऱ्यांची बिले, असतील सासरी गेलेल्या मुलीची पत्रे. ती पोहोचली पाहिजेत एवढेच त्याला कळते.

अँडीजच्या बर्फात

1928 च्या मार्चपासून फ्रान्सचे टपाल दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊ लागले. महासागर ते जहाजाने ओलांडी, पुढे पुन्हा विमान. 1930 च्या मे महिन्यात झाँ मेर्मोझने सेनेगलमधल्या सँ-लुई गावाहून ब्राझीलमधल्या नाताळपर्यंत टपाल थेट विमानाने नेले, सुमारे एकवीस तासांत. सँ-लुईचे ओतेल द ला पोस्त हे हॉटेल त्याच्या आठवणी अजून जपून आहे. तारफायाहून डाकारपर्यंत उतरणाऱ्या पर्यटकाने तिथे एक मुक्काम जरूर करावा.

1929 मध्ये सँतेक्झ्युपेरीची बदली ब्युएनोस आयरेसला झाली. गियोमे आधीच तिथे होता. 13 जून 1930 रोजी अँडीज पर्वत ओलांडताना गियोमेचे विमान हिमवादळात सापडून एका गोठलेल्या तळ्याकाठी उतरले आणि उलटले. तो पाच दिवस आणि चार रात्री बर्फातून चालला. अन्न नाही, झोपायची सोय नाही. झोपले की संपले. एकदा तो पडला आणि त्याने उठायचे नाही असे ठरवले. तेव्हा त्याला बायकोची आठवण झाली. विम्याचे पैसे तिला मिळतील, हा दिलासा होता. पण प्रेत सापडले नाही तर कायद्याने मृत्यू ठरायला चार वर्षे लागतात. समोर काही अंतरावर एक खडक दिसत होता. तिथवर गेलो तर उन्हाळ्यात प्रेत सापडेल, एवढ्यासाठी तो उठला. आणि उठला तो चालतच राहिला. शेवटी एका डोंगरी बाईला आणि तिच्या मुलाला तो सापडला. ही हकिकतही 'विंड, सँड अँड स्टार्स'मध्येच आहे. घरातल्या कर्त्या माणसाने रात्री सगळे झोपल्यावर वाचावी अशी ती पाने आहेत.

ब्युएनोस आयरेसच्या दिवसांतून 'नाइट फ्लाइट' आली, 1931 मध्ये. तिला फ्रान्सचा फेमिना पुरस्कार मिळाला. दीडशे-दोनशे पानांच्या आतली, एका रात्रीची गोष्ट. दिवसा विमान आगगाडीच्या आणि जहाजाच्या पुढे जायचे, पण रात्री ते जमिनीवर आणि गाडी मात्र चालूच. दिवसभरात कमावलेले रात्रीत गमावले जायचे. म्हणून रात्री उडायचे ठरले. दिवे नाहीत, हवामानाचा नीट अंदाज नाही. कादंबरीतला प्रमुख रिव्हिएर हा तुलूझच्या दोराच्या स्वभावावरून रेखाटलेला आहे. तो नियमांपायी एका म्हाताऱ्या मेकॅनिकला कामावरून काढतो आणि वाचणाऱ्याला त्याचा राग येतो. यावा असेच ते लिहिले आहे. पॅटागोनियाहून निघालेला फाबियें हा तरुण वैमानिक वादळात अडकतो. त्याची सहा आठवड्यांपूर्वी लग्न झालेली बायको घरी जेवणाची तयारी करते, फोन करते, मग कचेरीत येऊन बसते. तिथे कुणी तिच्याशी नजर मिळवीत नाही. टपालाचे वेळापत्रक मोठे की एका घरातला दिवा? पुस्तक याचे सोपे उत्तर देत नाही. नवराबायकोंनी दोघांनी वाचून वाद घालावा अशी ही कादंबरी आहे.

या मित्रांचा शेवट कसा झाला, तेही सांगितले पाहिजे. ज्या कंपनीसाठी ते झटले ती 1931 मध्ये आर्थिक डबघाईला आली आणि 1933 मध्ये एअर फ्रान्समध्ये विलीन झाली. 7 डिसेंबर 1936 रोजी मेर्मोझ अटलांटिकवर नाहीसा झाला. मागचे उजवे इंजिन बंद करतो आहोत, एवढाच त्याच्या विमानाचा अखेरचा बिनतारी निरोप आला. गियोमेचे विमान 1940 च्या नोव्हेंबरात भूमध्य समुद्रावर पाडले गेले. सँतेक्झ्युपेरी 31 जुलै 1944 रोजी कॉर्सिकाहून युद्धातल्या टेहळणीसाठी निघाला तो परतला नाही. 1998 मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याचे नाव कोरलेले चांदीचे कडे आले. 2000 साली समुद्रतळाशी विमानाचे अवशेष दिसले आणि 2004 मध्ये ते त्याचेच असल्याची खात्री पटली. ते अवशेष पॅरिसजवळच्या ल बुर्जे इथल्या विमान संग्रहालयात ठेवले आहेत.

वाऱ्याची वाट पाहणारी

याच पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी एक सुंदर पुस्तक घडले, आणि ते एका स्त्रीचे आहे. 1933 च्या अखेरीस अमेरिकेचा विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग आणि त्याची पत्नी अ‍ॅन हे दोघे अटलांटिकवरच्या संभाव्य हवाई मार्गांची पाहणी करीत इथे आले. अ‍ॅन बिनतारी यंत्र सांभाळायची. वर्षाच्या मुलाला तिने आईकडे ठेवले होते. पहिले बाळ 1932 मध्ये पळवून नेऊन मारले गेले होते. ती जखम उघडी असताना ती या सफरीला निघाली होती.

केप व्हर्द बेटांवरून त्यांना पुढे झेप घेता येईना. ते परत गॅम्बियामधल्या बाथर्स्टला आले, म्हणजे आजच्या बांजूलला. तिथे वाराच नव्हता. त्यांचे विमान पाण्यावरून उठणारे. इंधनाने भरलेले विमान उठायला समोरून वारा हवा. सामान कमी केले, पुन्हा प्रयत्न, पुन्हा निराशा. दिवसामागून दिवस ती दोघे फक्त वाऱ्याची वाट पाहत होती. शेवटी 6 डिसेंबरच्या सुमारास चंद्रप्रकाशात विमान पाण्यावरून सुटले आणि ब्राझीलला पोहोचले. या दहा-बारा दिवसांवर अ‍ॅनने 'लिसन! द विंड' लिहिले, 1938 मध्ये. विमान जमिनीवर असताना उड्डाणाचे पुस्तक कसे होते, ते यात पाहावे. छोट्या गोष्टी ती टिपते. यजमानांच्या घरातला अवघडलेपणा, नवऱ्याचा गप्प राहण्याचा स्वभाव, रात्री झाडाच्या पानांकडे कान देऊन बसणे. सँतेक्झ्युपेरीला हे पुस्तक आवडले आणि त्याच्या फ्रेंच अनुवादाला त्यानेच प्रस्तावना लिहिली.

आफ्रिकेच्याच दुसऱ्या टोकाला, केनियात वाढलेल्या बेरिल मार्कहॅमचे 'वेस्ट विथ द नाइट' (1942) हेही सोबत वाचण्याजोगे. तिने 1936 मध्ये इंग्लंडहून पश्चिमेकडे एकटीने अटलांटिक ओलांडला. ते तिने एकटीने लिहिले की नवऱ्याची मदत झाली, यावर वाद आहेत. वाचताना त्याची आठवण होत नाही.

जुहूची वाळू

इथवर वाचून कुणाला वाटेल, हे सारे परक्यांचे. पण जे. आर. डी. टाटा यांचा जन्म 1904 चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच. सुट्टीत कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या आर्देलोच्या किनाऱ्यावर जाई. तिथे इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचेही घर होते. तिथल्या वाळूत उतरणारी विमाने पाहून या मुलाला जे वेड लागले ते उतरले नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी त्यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची सपाट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि मग टपालाचे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. केप जुबी आणि जुहू यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर, पण समुद्र, वाळू, टपाल आणि एकुलता एक भरवशाचा मेकॅनिक हे दृश्य सारखेच.

त्याआधी आगाखान यांनी भारत ते इंग्लंड एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावले होते. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान अडले होते, त्याच्याजवळ स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. अस्पी शर्यत जिंकला आणि पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आर. एम. लाला यांच्या 'बियाँड द लास्ट ब्लू माउंटन' या 1992 मधल्या चरित्रात हे सगळे सविस्तर आले आहे. उद्योगपतीचे चरित्र म्हणून अनेकांनी ते वाचले असेल. त्यातली विमानांची प्रकरणे वरच्या पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचावीत.

जाण्यापूर्वी

तुलूझला पॅरिसहून रेल्वेने साडेचार-पाच तासांत जाता येते. तारफायासाठी भारतातून आखाती देश किंवा युरोपमार्गे कॅसाब्लांका, तिथून देशांतर्गत विमानाने लायून आणि लायूनहून उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटर मोटारीने. लायून वादग्रस्त पश्चिम सहारात येते, म्हणून निघण्यापूर्वी व्हिसाचे नियम आणि प्रवाशांसाठीच्या सूचना पाहून घ्याव्यात. रस्ता चांगला आहे, कडेला वाळूचे ढीग सरकत असतात. तारफायात राहण्या-खाण्याची सोय मोजकी आणि साधी आहे. शाकाहारी मंडळींनी शिधा जवळ ठेवावा. उन्हाळ्यातही संध्याकाळी गार वारा सुटतो, तेव्हा एक जाड कपडा हवाच. कॅमेरा वाळूपासून जपावा. संग्रहालय उघडे आहे की नाही, ते पोहोचल्याबरोबर विचारावे. बंद असले तर आसपासच्या दुकानात चौकशी करायला संकोचू नये.

पुस्तके मात्र घरूनच न्यावीत. पिशवीत एकाच पुस्तकाला जागा असेल तर 'विंड, सँड अँड स्टार्स' घ्यावे. 'एअरमन्स ओडिसी' या नावाने सँतेक्झ्युपेरीची तीन पुस्तके एकत्र निघाली होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती प्रत दिसली तर सोडू नये, 'नाइट फ्लाइट'ही तिच्यातच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी 'द लिटल प्रिन्स' आधी, आणि मग गियोमेची बर्फातली हकिकत मोठ्याने वाचून दाखवावी. एका बैठकीत संपत नाही, दोन रात्री लागतात. पहिल्या रात्री तो खडकापाशी पोहोचतो तिथे थांबावे.